गालिचा कोण घासतं?

किंग्स्टन, ६ फेब्रुवारी १९३३

प्रिय हेटीमावशी,

मफलर मिळाला. रंग भयंकर आहे, पण ऊब छान आहे, त्यामुळे घालते. ‘तिथे नक्की करतेस तरी काय, खरं सांग’ असं लिहिलंयस. म्हणजे मी खोटंच सांगते हे तू आधीच ठरवलंयस! बरं, ऐक.

आमचा स्टुडिओ म्हणजे एक जुनी लॉन्ड्री. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून भिंतींवर घोंगड्या टांगल्यात. इथे बारा दिवसांत एक अख्खा बोलपट तयार होतो. हसू नकोस. थेटरवाल्यांनी अमेरिकन सिनेमांबरोबर थोडे आपले इंग्लिश सिनेमेही दाखवलेच पाहिजेत असा सरकारी कायदा आहे ना, म्हणून अमेरिकन कंपन्या आमच्यासारख्यांकडून झटपट सिनेमे करून घेतात. चांगला झाला की टाकाऊ, त्यांना काही देणंघेणं नाही. फक्त लांबी भरली पाहिजे. करारात लिहिलंय, सहा हजार फूट, एक इंच कमी चालणार नाही. आणि प्रत्येक सिनेमात एक खून असतो. खुनाला स्वस्तात भागतं, म्हणतात. एक बंगला, एक प्रेत, चार संशयित आणि एक पाइप ओढणारा इन्स्पेक्टर, झालं काम.

आता माझं काम. सिनेमा सरळ काढत नाहीत. आज खून, उद्या खुनाच्या आधीचा चहा. तेव्हा कप कुणाच्या कुठल्या हातात होता, कोटाचं कितवं बटण तुटलं होतं, हे सगळं मी वहीत लिहिते. शिवाय तालमीच्या वेळी स्टॉपवॉच लावून प्रत्येक प्रसंग मोजते. ‘ब्रॅकन हाऊस’ नावाचा सिनेमा चाललाय. परवा मोजलं तर तो लांब जात होता. मी मिस्टर पार्सलोंना (हे दिग्दर्शकही आणि मालकही) सांगितलं, हे दोन प्रसंग गाळले तरी चालतील. त्यांनी तिथल्या तिथे पानं टराटरा फाडली आणि म्हणाले, “मिस क्लेग, तुम्ही माझा एक दिवस वाचवलात!” सगळ्यांसमोर, बरं का! ईस्टरपर्यंत माझं काम बघणार आहेत, मग कायम करणार. बघच तू, होतेच की नाही मी कायम.

तू अजून थेटरची पायरी चढत नाहीस ना? तुझा हट्ट म्हणजे हट्ट.

तुझी,
आयव्ही


कोन, ९ फेब्रुवारी

प्रिय आयव्ही,

मफलरला नाव ठेवलंस, पुढच्या वेळी याहून भडक विणते.

नाही चढत पायरी, आणि चढणारही नाही. बावीस वर्षं मी ‘अल्बियन’च्या पडद्याखाली बसून पियानो वाजवला. घोडा धावला तर मी धावले, नायिका रडली तर मी रडवलं. मग एके दिवशी मॅनेजरनं ते बोलकं यंत्र आणलं आणि माझ्या हातात निरोपाची एक फुलदाणी ठेवली. फुलदाणी! तेव्हाच ठरवलं, त्या बडबड्या खोक्याचं तोंड बघायचं नाही. आणि माझ्या सख्ख्या बहिणीची पोर, जिला मी आईविना वाढवलं, तीच त्या खोक्यात पोट भरायला गेली. घ्या!

गिरणीत मुकादम हॉल्स्टेड भेटला होता. तुझे चार माग अजून कुणाला दिलेले नाहीत, ईस्टरपर्यंत थांबतो म्हणाला. मी तुला ‘ये’ म्हणत नाही. नुसतं सांगून ठेवलं. पण ज्या मालकाला पानं फाडायला आवडतं, तो माणसंही तशीच फाडतो. जपून राहा.

दूध पी.

हेटीमावशी


किंग्स्टन, २० फेब्रुवारी

प्रिय मावशी,

वेळ नाही, चार ओळीच लिहिते. मी बरी आहे. जेवण जात नाही एवढंच. मुकादम हॉल्स्टेड माग खरंच ईस्टरपर्यंत ठेवतील का, की नुसतं म्हणतात? सहज विचारतेय. कुणाला काही बोलू नकोस.

आयव्ही


कोन, २१ फेब्रुवारी

आयव्ही,

कोण आहे तो?

सरळ उत्तर दे. जेवण जात नाही, कुणाला बोलू नकोस, परत यायची वाट मोकळी आहे का. मी काय काल जन्मले? नटच असणार. पातळ मिशीवाला. लग्न झालेला आहे का? असेल तर मी पुढच्या गाडीनं येते आणि त्याच्या बायकोसमोर उभं करून त्याची मिशी उपटते. नसेल तर त्याला रविवारी इकडे आण, बघते काय लायकीचा आहे ते.

तुझ्यावर रागावलेली नाही. घाबरलेय, पोरी.

मावशी


किंग्स्टन, २२ फेब्रुवारी

मावशी गं,

तुझं पत्र वाचून रडता रडता हसले. कोणी नाही! मिशी नाही, बायको नाही. झालंय त्याहून वाईट.

सिनेमा तीन मिनिटं कमी पडलाय. दोनशे सत्तर फूट. आणि चूक माझी आहे.

झालं असं. आमचे नट दिवसा इथे आणि संध्याकाळी लंडनच्या रंगभूमीवर. सगळे मुरलेले विनोदी नट. तालमीत त्यांनी संवाद म्हटले, मी घड्याळ लावलं. आता त्यांची सवय बघ. विनोद झाला की ते थांबतात. लोक हसतील, हशा ओसरेल, मग पुढचं वाक्य. समोर प्रेक्षक नसला तरी थांबतात! मी ते सगळं थांबणं मोजलं. म्हणून सिनेमा लांब वाटला, म्हणून मी दोन प्रसंग गाळायला सांगितले. आणि प्रत्यक्ष यंत्र सुरू झाल्यावर मिस्टर पार्सलो ओरडले, “थांबू नका, भरभर, इथे कोणी हसणार नाहीये!” सगळे हशे उडाले. जो हशा कधी झालाच नाही तो मी वहीत लिहून ठेवला होता, मावशी. जगात असली चूक दुसऱ्या कुणी केली असेल का?

मुख्य नट कॅनडाच्या दौऱ्यावर बोटीत बसला. इन्स्पेक्टरनं दुसऱ्या भूमिकेसाठी डोकं भादरलंय. बंगल्याचा सेट मोडला, फक्त खून झालेली अभ्यासिका उभी आहे, तीही शनिवारपर्यंत. सोमवारी तिथे वकिलाचं ऑफिस होणार. मिस्टर पार्सलोंना वाटलं, तीन मिनिटं घड्याळाचे काटे आणि खिडकीबाहेरचं शेत दाखवू. पण अमेरिकन कंपनीच्या माणसानं मागच्याच सिनेमात ताकीद दिलीय, आता घड्याळ आणि शेत दिसलं तर अख्खा सिनेमा परत पाठवीन. परत आला तर स्टुडिओ बंद पडेल. चाळीस माणसं घरी बसतील, माझ्यामुळे.

मिस्टर पार्सलो ओरडलेसुद्धा नाहीत. नुसते म्हणाले, “शनिवारी सकाळपर्यंत मला तीन मिनिटं आणून द्या, मिस क्लेग. नाहीतर सोमवारी येऊ नका.”

मला गिरणीची लाज नाही गं. पण अशी हरून नाही यायचं. तुझ्या वेळी रीळ तुटलं, तुकडा हरवला, तर तू काय करायचीस? काहीतरी सांग. काहीही सांग.

आयव्ही


कोन, २३ फेब्रुवारी, सकाळचं टपाल

आयव्ही,

आधी डोळे पूस. मी पत्र पोस्टात टाकायला पळतच जाणार आहे, म्हणून अक्षराला नावं ठेवू नकोस.

रीळ तुटलं की नवखी बाई धडाधड काहीतरी बडवत सुटते. मी नव्हते बडवत. मी दोन्ही हात पियानोवरून उचलायचे आणि मांडीवर ठेवायचे. अख्खं थेटर गप्प. सहाशे माणसं श्वास धरून बसायची, की आता काय होतंय. त्या शांततेसारखं मला कधी काही वाजवता आलं नाही. तुमच्या बोलपटात सगळं आहे, तेवढंच नाही. एकजण बोलायचा थांबला की दुसरा सुरू. तीन मिनिटं तोंडं बंद ठेवा की जरा!

आणि दुसरं. तुमच्या या खुनी सिनेमांत एक गोष्ट मला कधीपासून खुपतेय. उमराव गालिच्यावर मरून पडतो. एवढा रक्ताचा डाग. पुढच्याच प्रसंगात त्याच गालिच्यावर सगळे चहा पीत उभे आणि गालिचा लख्ख! अरे, घासला कुणी? काय आपोआप गेला डाग? इन्स्पेक्टर बोटांचे ठसे बघतो, राखेचा रंग बघतो, पण बादली घेऊन गुडघ्यांवर बसलेली बाई त्याला दिसत नाही. आमच्या गल्लीतल्या बायका दर वेळी हेच म्हणतात.

रक्ताला थंड पाणी लागतं. गरम घातलंत तर डाग पक्का बसेल आणि इकडच्या बायका तुम्हाला हसतील.

मावशी


किंग्स्टन, रविवार, २६ फेब्रुवारी

मावशी, मावशी, मावशी!

सांगते सगळं, पण आधी एक विचारते. तू थेटरची पायरी चढत नाहीस म्हणे. मग गालिचा लख्ख असतो हे तुला कसं कळलं गं? ‘दर वेळी’? किती वेळा? कितव्या रांगेत बसतेस? लबाड बाई!

आता ऐक. तुझं पत्र वाचलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. मी वही काढली. गाळलेल्या दोन प्रसंगांमुळे सिनेमात एक भोक पडलं होतं, ते कुणाच्या ध्यानातच नव्हतं. शेवटी इन्स्पेक्टर अभ्यासिकेतल्या फडताळावरच्या वाडग्यातून खुन्याच्या कोटाचं बटण उचलतो. पण ते तिथे आलं कसं? गाळलेल्या पानांत होतं, आता कुठेच नाही. आणि मावशी, गालिच्यावर सापडलेलं बटण कुठली कामवाली बाई फेकून देते? ती ते पुसते आणि वाडग्यात ठेवते, लागेल कुणाला तरी म्हणून!

मिस्टर पार्सलोंना सांगितलं तर ते उभेच राहिले. “बोलपटात तीन मिनिटं कोणी बोलणार नाही? लोकांना वाटेल यंत्र बिघडलं!” मी म्हटलं, वाटू दे. माझी मावशी बावीस वर्षं हेच करत होती, आणि एकही माणूस उठून गेला नाही. त्यांनी विचारलं, “आणि बाईचं काम कोण करणार? नटी आणायला वेळ कुठाय?” मी दाराकडे बोट दाखवलं. तिथे मिसेस ट्विग उभी होती. आमच्या स्टुडिओत झाडूपोछा करते. पन्नाशीची, हात लालभडक, गुडघ्यांना पोत्याचे तुकडे बांधलेले. ती म्हणाली, “मला नाटक येत नाही हं.” मी म्हटलं, नाटक नकोच आहे, डाग काढायचाय.

मिस्टर पार्सलोंनी पाच सूचना दिल्या. तिनं एकही ऐकली नाही. बादली ठेवली, बाह्या वर केल्या, गुडघे टेकले आणि घासायला लागली. थंड पाणी! ब्रशचा आवाज तेवढा. खर्र, खर्र. सबंध स्टुडिओ गप्प झाला. मेकअपवाल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. खुर्चीखाली तिला बटण सापडलं. तिनं ते उजेडात धरलं, एप्रनला पुसलं, दाराकडे एकदा बघितलं आणि वाडग्यात ठेवलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, परत खाली बसून घासता घासता ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटली. आवाजाच्या यंत्रात आलंच नाही. मिस्टर पार्सलोंनी विचारलं काय बोललात, तर म्हणाली, “ते माझं माझ्यापाशी.”

दोनशे ब्याऐंशी फूट भरलं! बारा फूट जास्तच!

मिस्टर पार्सलो मात्र अजून ‘बघू’ म्हणतात. अमेरिकन माणूस बघेल, थेटरात लागेल, मग ठरवू म्हणाले. पण सोमवारी ये म्हणाले. मी काल भरपेट मासे आणि बटाटे खाल्ले.

तुझी आयव्ही


कोन, २ मार्च

आयव्ही,

मी थेटरात जात नाही. पाऊस असला की आडोशाला थांबते, एवढंच. या गावात पाऊस फार पडतो त्याला मी काय करू? रांग अकरावी.

शाबास, पोरी. बटणाचं माझ्या डोक्यात आलं नसतं. हॉल्स्टेड विचारत होता, गुड फ्रायडेपर्यंत हो की नाही ते कळव, मग माग दुसरीला देतो. मी त्याला म्हटलं, कळवू. त्या दिवशी परतल्यावर मी तुझी खोली झाडून ठेवली होती, हे आज लिहिते.

मावशी


किंग्स्टन, १२ एप्रिल

प्रिय मावशी,

हॉल्स्टेडना सांग, माग देऊन टाका.

अमेरिकन माणसानं फूटपट्टी लावली, लांबी भरली, सही केली. सिनेमा बघितलाच नाही त्यानं! मला वाटलं, संपलं, आता कुणीच बघणार नाही. कारण लंडनमधली मोठी थेटरं आमचे सिनेमे कधी लावतात माहीत आहे? सकाळी दहाला. कायद्यापुरते. खुर्च्या रिकाम्या असतात आणि आदल्या दिवसाची टरफलं झाडायला आलेल्या बायका तेवढ्या आत. त्या पडद्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, पाठ करून कामाला लागतात.

काल मिस्टर पार्सलो आणि मी तशाच एका थेटरात गेलो. प्रेक्षक आम्ही दोघं आणि थंडीनं आत आलेला एक म्हातारा, तोही झोपलेला. आठ-नऊ बायका रांगांतून झाडत होत्या. पडद्यावर खून झाला. एकीनंही मान वर केली नाही. मिस्टर पार्सलो मला म्हणाले, “बघा, आपला दर्दी प्रेक्षक.” मला तोंड लपवावंसं वाटलं.

मग ती तीन मिनिटं आली. सगळं शांत. वर यंत्र चालवणाऱ्याला वाटलं, आवाज बिघडला! त्यानं आवाजाचं बटण पिळलं पार शेवटापर्यंत. आणि मिसेस ट्विगचा ब्रश त्या प्रचंड थेटरात घुमला. खर्र! खर्र! पुढच्या रांगेतली बाई दचकून वळली. तिला वाटलं, आपल्यातलंच कोणी एवढ्या जोरात घासतंय. वळली ती वळलेलीच राहिली. “अगं, बघ! बघ!” म्हणून तिनं शेजारणीला ढोसलं. एकेक झाडू थांबला. एक बाई खुर्चीवर बसली, मावशी! मखमली खुर्चीवर, जिच्याखालून ती रोज कचरा काढते. मग सगळ्याच बसल्या. बटण वाडग्यात पडलं तेव्हा एक म्हणाली, “मीपण तिथेच ठेवलं असतं.” पुढचा सगळा सिनेमा त्यांनी बघितला. बटणामुळे खुनी पकडला गेला तेव्हा झाडूचे दांडे जमिनीवर आपटून आपटून त्यांनी थेटर दणाणून सोडलं. मॅनेजर धावत आला, कुठे आग लागली म्हणून!

आज सकाळी आम्ही परत गेलो, तर त्या बायका आपल्या बहिणी, जावा, शेजारणी घेऊन आल्या होत्या. तिकीट काढून. मॅनेजर उद्यापासून हा सिनेमा संध्याकाळच्या मुख्य खेळाला जोडतोय. आमचा सिनेमा, संध्याकाळी!

बाहेर पडल्यावर मिस्टर पार्सलोंनी टोपी डोक्यावर चढवली. मग म्हणाले, “मिस क्लेग, पुढच्या सिनेमातला खून तुम्ही लिहा. आणि पडद्यावर नाव द्यायचं, बरं का. पूर्ण नाव.” मी हो म्हटलं की नाही ते आठवत नाही.

सिनेमा जूनमध्ये उत्तरेकडे येईल. ‘अल्बियन’लाही. तू जाशील ना? पाऊस असो वा नसो?

तुझीच,
आयव्ही


कोन, १८ जून

माझ्या आयव्ही,

काल पाऊस नव्हता. कडक ऊन होतं. मी नवी टोपी घालून, सगळ्या गल्लीसमोरून, पुढच्या दारानं ‘अल्बियन’मध्ये गेले. मॅनेजर म्हणाला, “मिसेस डकवर्थ, तुम्ही?” मी म्हटलं, “हो, मी. आणि आज पहिली रांग.” त्यानं तिकिटाचे पैसे काढू दिले नाहीत. मी त्याला माफ केलं. थोडंसं.

थेटर भरलेलं होतं. गिरणीतल्या झाडून सगळ्या बायका. संत्री सोलणं, गप्पा, खाली पोरांच्या मारामाऱ्या. खुनाला कुणी विशेष भाव दिला नाही. मग तुझी मिसेस ट्विग बादली घेऊन आली. तिनं थंड पाणी घेतलं तेव्हा मागून कुणीतरी “बरोब्बर!” म्हणालं, आणि मग सगळं गप्प झालं. तीच शांतता, आयव्ही. मला वाटलं होतं ती पियानोबरोबर गेली. नव्हती गेली. माझे हात मांडीवर होते आणि मी रडत होते, टोपीचा विचार न करता.

आणि आता जे सांगते ते तुझ्या लंडनमधल्या एकालाही ठाऊक नाही. तू लिहिलंस, ती काहीतरी पुटपुटली आणि यंत्रात आलं नाही. अगं शहाणे, गिरणीतली पोर ना तू? मागांच्या खडखडाटात आपण कधी कानांनी ऐकलंय का? सगळा जन्म समोरचीचे ओठ वाचण्यात गेला. तू आधी घड्याळात आणि मग थेटरात त्या झाडणाऱ्या बायकांकडे बघत असशील, नाहीतर तुलाही कळलं असतं. पडद्यावर तिचं तोंड एवढं मोठं, गाडीएवढं! तिचे ओठ हलले आणि पाचशे बायकांनी एकदम वाचलं. ती म्हणाली, “तीस वर्षं पुसतेय, पण एकानं तरी दारात पाय पुसलेत का?”

आणि सबंध थेटर ओरडलं, “नाही!”

एका आवाजात, आयव्ही! भिंती हादरल्या. पुरुष बावरून इकडेतिकडे बघायला लागले, त्यांना काही कळेचना. बायका हसत होत्या, रडत होत्या, टाळ्या पिटत होत्या, खुर्च्या बडवत होत्या. पुढचे संवाद कुणी ऐकले नाहीत. सगळ्या ओरडायला लागल्या, परत दाखव, परत दाखव, आणि शेवटी मॅनेजरनं खरंच रीळ मागे घेतलं. दुसऱ्यांदा मिसेस ट्विगनं तेच विचारलं आणि दुसऱ्यांदा सगळ्यांनी तेच सांगितलं, आणखी जोरात.

मला राहवलं नाही. बावीस वर्षं त्या थेटरात मी लोकांकडे पाठ करून बसले. काल उठले, लोकांकडे तोंड केलं, आणि अंधारात जीव खाऊन ओरडले, “हे माझ्या आयव्हीनं केलंय!”

कुणी म्हणालं, “बस गं हेटी, दिसत नाही!” पण त्याच्या बायकोनं त्याला गप्प केलं आणि ती स्वतःच उठून उभी राहिली. मग तिच्या मागची उठली. मग सगळी रांग.

तुझी,
हेटीमावशी